कसणारा म्हणजे कोण?

हॅरिस पार्क स्टेशनवर उतरलं की आधी वास येतो. फोडणीचा, तळलेल्या मिरचीचा, उदबत्तीचा. सिडनीच्या पश्चिमेचं हे उपनगर म्हणजे इथलं 'लिटल इंडिया'. विग्रम स्ट्रीटवर जुनी बैठी घरं ओळीनं उभी आहेत आणि त्यातल्या एकेका घरात आता डोसा, चाट, थाळी. शुक्रवारी रात्री इथे गाडी लावायला जागा मिळाली तर लोक ती बातमी ग्रुपवर टाकतात. मी तीन वर्षं इथे भाड्यानं राहते. सॉफ्टवेअर लिहिते, बहुतेक वेळा दुसऱ्यांनी लिहिलेलं दुरुस्त करते.

माझ्या फ्लॅटपासून पाच मिनिटांवर रूस स्ट्रीट आहे. तिथे झाडांमागे एक बैठं घर दिसतं. उतरतं छप्पर, पुढे व्हरांडा, बारीक लाकडी खांब. एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज. न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल ट्रस्टनं १९६१ मध्ये ते विकत घेतलं आणि आता ते संग्रहालय आहे. ठरावीक दिवशीच उघडं असतं. मी दोन वर्षं रोज संध्याकाळी त्याच्यासमोरून चालत होते आणि एकदाही आत गेले नव्हते. साताऱ्यात वाढलेल्या किती जणांनी अजिंक्यतारा नीट बघितलाय, तसंच ते.

मग गेल्या वर्षी दादाचा मेसेज आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. गावाकडचं जुनं घर तो कृषी पर्यटनासाठी तयार करतोय. हुरडा, बैलगाडी, चुलीवरची भाकरी, आणि ओसरीवर आण्णांच्या वस्तूंचं छोटं 'म्युझियम': नांगर, पाभर, मोट, जुने कंदील. आण्णा म्हणजे आमचे आजोबा. वेबसाइट मी करायची होतीच. शिवाय त्यानं लिहिलं होतं, "दारात एक पाटी लावायची. घराचा आणि जमिनीचा इतिहास. शंभर शब्दांत बसव. तुला लिहिता येतं."

शंभर शब्द म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पण संग्रहालय झालेल्या घरावर असं काही कसं लिहितात ते बघावं, म्हणून एका शनिवारी मी रूस स्ट्रीटवरच्या त्या घरात गेले. गेले होते नमुना आणायला.

*

तिथे कळलेली गोष्ट थोडक्यात अशी.

जेम्स रूस हा इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात, शेतीत वाढलेला माणूस. १७८२ मध्ये घरफोडीत चांदीची दोन घड्याळं चोरल्याबद्दल त्याला फाशीची शिक्षा झाली. ती बदलून सात वर्षांची हद्दपारी मिळाली. जानेवारी १७८८ मध्ये कैद्यांना घेऊन जो पहिला ताफा सिडनीला आला, त्यात तो होता. वसाहत वसली आणि लगेच उपाशी पडायला लागली. इंग्लंडहून येणाऱ्या धान्यावर सगळे जगत होते आणि जहाजांचा भरवसा नव्हता. गव्हर्नर आर्थर फिलिपला एक गोष्ट जाणून घ्यायची होती: या मातीत एका माणसाला स्वतःचं पोट स्वतः भरायला किती दिवस लागतील? नोव्हेंबर १७८९ मध्ये त्यानं रूसला दीड एकर मोकळं केलेलं रान दिलं. सोबत खोपटं, बियाणं, अवजारं, डुकरं, कोंबड्या, आणि आणखी रान तोडायला मदत. एक्सपेरिमेंट फार्म हे नाव त्यावरून. प्रयोग जमिनीवर होता तितकाच माणसावर.

वॉटकिन टेंच या अधिकाऱ्यानं पुढच्या वर्षी रूसला भेटून त्याची पद्धत लिहून ठेवली आहे. झाडं तोडून जाळली, राख मातीत मिसळली. कुदळीनं खोल खणलं, सरकारी शेतावर नुसती माती ओरबाडतात तसं नाही. ढेकळं फोडली, गवत उलटं गाडून कुजू दिलं. हे वाचताना मला आण्णाच बोलतायत असं वाटलं. 'वर वर खाजवलेली जमीन वर वरच देते' असं ते म्हणायचे.

फेब्रुवारी १७९१ मध्ये रूसनं कळवलं की आता सरकारी शिधा नको. १७९२ मध्ये त्याला तीस एकरांचं खरेखुरं हक्कपत्र मिळालं. त्या वसाहतीतली ही पहिली जमीन-सनद. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑस्ट्रेलियाचा पहिला सातबारा, आणि तो एका सुटलेल्या चोराच्या नावावर. मला ही गोष्ट आवडली. अजूनही आवडते. कुणाचा मुलगा आहेस हे कुणी विचारलं नाही, पीक काढून दाखवलंस, घे.

पण या घरात रूस कधी राहिला नाही.

ऑक्टोबर १७९३ मध्ये त्यानं जमीन विकली. चाळीस पौंडांना, सर्जन जॉन हॅरिसला. हॅरिस पार्कमधला हॅरिस तो हाच. लष्करातला डॉक्टर, पुढे मोठा जमीनदार. आज उभं असलेलं घर त्याचं. पूर्वी ते अठराव्या शतकातलं मानत असत, नंतरच्या संशोधनात १८३० च्या दशकातलं ठरलं. (हॅरिसनं आपल्या दुसऱ्या इस्टेटीवर हिंदुस्थानातून आणलेली हरणं पाळली होती. आपलं ठिपक्यांचं चितळ. एका वेळी सुमारे ४०० झाली होती म्हणे. म्हणजे या भागातल्या पहिल्या स्थलांतरित भारतीयांना शेपट्या होत्या.) खोल्यांमध्ये मांडलेलं सुंदर जुनं फर्निचरही त्या काळातलं असलं तरी ट्रस्टनं जमवलेलं आहे.

मी तिथल्या स्वयंसेवक बाईंना विचारलं, "रूसचं खोपटं कुठे होतं?" त्यांनी खिडकीतून बाहेर हात केला. बाहेर गवत होतं, एक बाक आणि कुत्र्याला फिरवणारा माणूस.

*

आता त्याआधीची गोष्ट, जिच्यासाठी बघायला खिडकीसुद्धा नाही.

ही जमीन दारुग लोकांपैकी बुरामत्तागल कुळीची. परामाटा हे शेजारच्या शहराचं नाव त्यांच्यावरूनच आलं, अर्थ साधारण 'वाम जिथे असतात ती जागा'. वाम म्हणजे तो सापासारखा मासा. इथल्या रग्बी संघाचं नावही 'ईल्स' आहे. मासा राहिला, कुळीचं नाव राहिलं.

एप्रिल १७८९ मध्ये सिडनीच्या आसपास देवीची साथ आली आणि तिथल्या मूळ लोकांपैकी निम्मे मेले असावेत असा फिलिपचा अंदाज होता. रूसला जमीन मिळाली त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. म्हणजे ज्या 'मोकळ्या' रानात प्रयोग झाला, त्या भागावरून सहा-सात महिन्यांपूर्वीच मरण फिरून गेलं होतं. १७९० मध्ये माउगोरान नावाचा एक वृद्ध फिलिपला भेटला आणि त्यानं सांगितलं की रोझ हिलला, म्हणजे इथेच, इतकी गोरी माणसं येऊन बसली आहेत म्हणून आमचे लोक संतापले आहेत. फिलिपनं ते ऐकून घेतलं, नोंदवलंसुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी इथल्या तुकडीत आणखी सैनिक पाठवले.

मला या नोंदीनं जास्त अस्वस्थ केलं. 'त्यांना माहीतच नव्हतं' हे म्हणायची सोय ती ठेवत नाही. तक्रार आली होती, योग्य माणसापर्यंत पोचली होती. तिकीट उघडलं गेलं आणि 'काम अपेक्षेप्रमाणे चालू आहे' असा शेरा मारून बंद झालं.

१७९१ मध्ये बालुदेरी नावाचा तरुण परामाट्याला मासे आणून वसाहतवाल्यांना विकत असे, बदल्यात भाकरी घेत असे. काही कैद्यांनी त्याची नवी होडी फोडली. फिलिपनं गुन्हेगारांना शिक्षा दिली, पण बालुदेरीनं आपल्या रीतीनं बदला घेतला, एका कैद्याला भाल्यानं जखमी केलं, आणि मग तोच फरारी ठरला. त्या वर्षाअखेर तो आजारानं गेला. रूसचा शिधा बंद झाला तेही हेच वर्ष, जागाही हीच.

३ जून १९९२ ला ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानं, जे तिथलं सर्वोच्च न्यायालय आहे, माबो खटल्यात सांगितलं की ही भूमी कुणाचीच नव्हती हे गृहीतक चुकीचं होतं, मूळ लोकांचे हक्क होते. रूसच्या हक्कपत्रानंतर बरोबर दोनशे वर्षांनी. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग असा की जिथे सरकारनं जमीन पूर्ण मालकीनं देऊन टाकली, तिथे ते हक्क संपले. म्हणजे या तीस एकरांपुरतं बोलायचं तर हक्क कुणी संपवला? त्याच पहिल्या सनदेनं, जिचं कौतुक म्हणून हे घर जपलंय.

आमच्या ऑफिसात मोठ्या मीटिंगच्या सुरुवातीला एक स्लाइड येते. या भूमीच्या पारंपरिक राखणदारांना आम्ही वंदन करतो, अशा अर्थाची. कधीकधी ती वाचायची पाळी माझ्यावर येते आणि मी ती वाचते, माझ्या सातारी इंग्रजीत. नंतर पुढची स्लाइड, तिमाहीचे आकडे.

*

घरी येऊन पाटी लिहायला बसले. पहिलं वाक्य आपोआप आलं: 'कसेल त्याची जमीन या न्यायानं १९५७ साली ही चार एकर जमीन आमच्या आजोबांच्या मालकीची झाली.'

आमच्या घरात हे वाक्य जवळजवळ आरतीसारखं म्हटलं जातं. आण्णा कूळ होते. मालक मुंबईला नोकरीला, वर्षातून एकदा खंड न्यायला यायचे. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा आला, १९५६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल १९५७, कृषक दिन, त्या दिवशी कूळ कायद्यानं जमिनीचा खरेदीदार मानला गेला. मग सुनावणी, 'बत्तीस ग'चा निकाल, किंमत ठरली, ती आण्णांनी हप्त्याहप्त्यानं भरली, 'बत्तीस म'चं प्रमाणपत्र मिळालं. 'इतर हक्क' या रकान्यात असलेलं नाव मालकाच्या जागी आलं. ते प्रमाणपत्र अजून देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीत आहे. माझ्या इंजिनिअरिंगची पहिल्या दोन वर्षांची फी त्याच जमिनीवरच्या कर्जातून भरली गेली. मी सिडनीत आहे ती त्या चार एकरांवर उभी राहून.

आणि आता अडचण. रूसची बाजू घेणारा युक्तिवाद आणि आण्णांची बाजू घेणारा युक्तिवाद एकच आहे. जो राबतो त्याचा हक्क. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं सतराव्या शतकाच्या शेवटी हे मांडलं होतं: माणसानं मातीत आपले कष्ट मिसळले की ती त्याची होते, फक्त इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागे उरलं पाहिजे. ही पुढची अट लोक सहसा विसरतात. साताऱ्यात या विचारानं सावकार आणि जमीनदाराच्या हातून जमीन सोडवली. परामाट्यात त्याच विचारानं ती घेतली गेली. कारण दारुग बायका नदीकाठचे कंद खणून काढायच्या, त्यांचे लोक ठरवून गवत पेटवून रान मोकळं ठेवायचे, पण याला कुणी 'कसणं' म्हटलं नाही. कुंपण नाही, नांगर नाही, म्हणजे कष्ट नाहीत.

मी बरेच दिवस स्वतःला समजावत होते की दोन्ही एक नाहीत. आणि ते खरंही आहे. आमच्या मालकाला नोटीस गेली होती. तो सुनावणीला आला, त्याचं म्हणणं नोंदलं गेलं, त्याला पैसे मिळाले, कमी वाटले तर अपील करायचा रस्ता होता. त्याचं नाव जुन्या फेरफारात आजही वाचता येतं. माउगोरानचं यातलं काहीच झालं नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव कागदावर आहे की नाही, मला वाटलं फरक इथे आहे. छान, पटणारा फरक. मी वाक्य तसंच ठेवून झोपले.

मग एका रविवारी, काहीतरी टाळण्यासाठी जसं आपण भलतंच वाचतो तसा, मी तो कुळकायदा वाचला. त्याच्या सुरुवातीच्या व्याख्यांमध्ये 'स्वतः कसणे' याची व्याख्या आहे. स्वतःच्या मेहनतीनं, किंवा कुटुंबातल्या माणसांच्या मेहनतीनं, किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजुरांकडून वा नोकरांकडून, ज्यांना मजुरी रोख किंवा वस्तूत दिली जाते, पिकाच्या वाट्याच्या रूपात नाही.

मी ती तीनदा वाचली. मला मामा आठवले.

*

मामा आमचे सालगडी. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, आम्हीही. पाडव्याला साल ठरायचं: ज्वारीची इतकी पोती, एक धोतरजोडी, वहाणा, थोडी रोख. आण्णा तिशीत होते तेव्हापासून मामा आमच्याकडे होते. आण्णांना तालुक्याला कचेरीत, सोसायटीत, भाऊबंदकीच्या केसेसमध्ये जावं लागे, आणि ते जात. नांगर मामांच्या हातात असे. दादा ज्या नांगराला पॉलिश करून ओसरीवर टांगतोय, त्याची मूठ जिथे गुळगुळीत झालीय तिथे बहुतेक मामांचा तळवा होता. कायद्याच्या भाषेत मात्र ते सगळं कसणं आण्णांचंच. मामांना ज्वारी पोत्यानं मिळायची, वाट्यानं नाही. वाट्यानं मिळाली असती तर त्या व्याख्येत ते बसले नसते, आणि गोष्ट निदान थोडी किचकट झाली असती.

आम्ही कोडमध्ये एक प्रकार करतो, स्क्वॉश. दहा जणांनी केलेले शंभर छोटे बदल एकत्र दाबून एकाच्या नावानं मुख्य शाखेत घालायचे. इतिहास स्वच्छ दिसतो. कुणी खोटं बोललेलं नसतं.

मामा मी आठ-नऊ वर्षांची असताना गेले. मला त्यांचा आवाज आठवतो, बैलांना हाका मारायचा, आणि गोठ्यातला तो कोनाडा आठवतो. दाराच्या डाव्या हाताला, माझ्या खांद्याइतका उंच. त्यात त्यांचा जर्मनचा पेला असायचा, काठाला पोचे आलेला. घरातली भांडी घरात, मामांचा पेला गोठ्यात. मी एकदा खेळून आले आणि त्याच पेल्यानं पाणी प्यायले. आजी मारायला धावली नाही, ओरडलीही नाही. तिनं पेला माझा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवला. त्यानंतर तो तिथेच असे.

दादानं पाठवलेल्या फोटोंमध्ये गोठ्याचं जेवणघर झालंय. सारवलेल्या भिंती, वारली चित्रं (आमच्या भागात वारली चित्रांचा काय संबंध, विचारू नका). तो कोनाडा तसाच आहे. त्यात पिवळा दिवा बसवलाय. फार सुंदर दिसतो.

रूस स्ट्रीटवरच्या घराला मी मनातल्या मनात नावं ठेवत होते. कसणाऱ्याची गोष्ट सांगायची आणि घर विकत घेणाऱ्याचं दाखवायचं. पण निदान तिथे त्या बाईंनी खिडकीतून हात करून गवत दाखवलं होतं. आमच्या पाटीवर गवतसुद्धा नव्हतं.

मी पाटीचं वाक्य बदलून घरच्या ग्रुपवर टाकलं. त्यात मामांचा उल्लेख होता. दादाचं उत्तर आलं, "लोक हुरडा खायला येणार गं, परीक्षेला नाही." पप्पांनी फोन केला. ते चिडले नव्हते, थकल्यासारखे बोलत होते. "आण्णांनी काही फुकट नाही मिळवलं. बारा कोस चालत जायचे सुनावणीला. कुणाकुणाची नावं लिहिणार तू? आजी काय बसून होती का? तुझ्या आत्यांनी हक्कसोड करून दिली, त्यांचीही लिही. मग बैलांचीही लिही."

बैलांचं सोडलं तर पप्पा बरोबर होते, आणि ते म्हणताना त्यांना वाटत होतं त्यापेक्षा जास्त. आत्यांच्या सह्यांचा कागदही त्याच पत्र्याच्या पेटीत आहे. प्रश्न कुठे थांबवायचा? रूसची बायको एलिझाबेथ पेरी, तीही कैदी, १७९० मध्ये त्याच्याशी लग्न करून त्याच शेतात राबली. रान तोडायला दिलेली 'मदत' म्हणजे हाडामांसाचे कुणीतरी होते. खुद्द रूससुद्धा उतारवयात दुसऱ्याच्या जमिनीवर मुकादम होता. प्रत्येक नावामागे एक नाव निघतं, हा काही न लिहिण्याचा आधार होऊ शकत नाही. पण पाटी शंभर शब्दांची आहे हेही खरं.

दुसरी शंका मला स्वतःची स्वतःबद्दल आली. मी हे कुणासाठी करतेय? ऑफिसातली स्लाइड वाचून झाल्यावर माझ्या आत एक हलकी, स्वच्छ भावना येते. पाटीवर मामांचं नाव आलं की तशीच येणार. पाहुणे वाचतील, म्हणतील वा, किती प्रामाणिक माणसं, आणि भाकरी थोडी जास्त गोड लागेल. जमीन आमचीच, कर्जही आमच्याच नावावर मिळणार, आणि वर चांगुलपणाही आमच्याच खात्यात. नाव लिहून आपण काही परत देत नाही. मला हे माहीत आहे आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी न लिहिलेली पाटी मला खोटी वाटते. अपुरी आणि खोटी यांत निवडायचं तर मी अपुरी निवडते, एवढंच सध्या म्हणू शकते.

पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं की मला त्यांचं नाव माहीत नाही. मामा. एवढंच.

पप्पांना पहिलं नाव आठवलं, वडलांचं नाही. दादाला काहीच नाही. आण्णांच्या वहीत, जिथे प्रत्येक पोत्याचा हिशोब आहे, तिथेही 'गड्यास' असंच लिहिलंय. बुरामत्तागलांची नावं इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या डायऱ्यांत उतरवून ठेवली, चुकीच्या उच्चारांनी का होईना. आम्ही तीस वर्षं रोज ज्यांना हाक मारली त्यांचं पूर्ण नाव आमच्या घरात कुणाला येत नव्हतं.

*

मामांचा नातू माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही चिंचेखाली एकत्र खेळलोय. तो आता शिरवळच्या एमआयडीसीत कामाला आहे. नंबर मिळवायला चार दिवस लागले. फोन लागला तेव्हा त्याची रात्रपाळी संपत होती, मागे बसचा हॉर्न वाजत होता. त्यानं ओळखलं, आणि म्हणाला, "बोला ताई, कशा आहात?" लहानपणी आम्ही अरे-तुरे करायचो. मी 'तू' म्हणत राहिले आणि तो 'तुम्ही' म्हणत राहिला, आणि ते दुरुस्त कसं करायचं मला संपूर्ण फोनभर सुचलं नाही.

मी विचारलं, "मामांचं पूर्ण नाव काय रे?"

"कशाला?" तो म्हणाला. मग जरा सावध होऊन, "काही योजना आहे का?"

नाही म्हटलं. पाटीचं सांगितलं, घराचं, पर्यटनाचं. थोडं रूसचंही सांगायला गेले आणि मध्येच थांबले. तो ऐकत होता. मग त्यानं आजोबांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, आडनाव, सगळं सावकाश सांगितलं, मी लिहून घेतेय हे कळून. नाव मी इथे देत नाही. ते कुठे आणि कसं यावं हे आधी त्याला विचारायचंय.

"लिहा की," तो म्हणाला. "नका लिहू तरी चालेल. पण लिहिलं तर 'आमच्याकडे कामाला होते' असं नका लिहू."

"मग काय लिहू?"

त्याची बस आली होती. "ते तुम्ही बघा ताई," तो म्हणाला. "आणि वाचून दाखवा मला, लावायच्या आधी."

माझ्या लॅपटॉपवर त्या वाक्याचे आत्ता अकरा मसुदे आहेत. एकात 'यांनी ही जमीन कसली' असं आहे. दादा म्हणतो हे लिहिलंस तर उद्या कुणी कुळाचा दावा लावेल. गंमतीत म्हणाला, पण शेवटी हसला नाही. एकात फक्त नाव आणि वर्षं आहेत, क्रियापद नाही. तो मसुदा पप्पांना चालेल असं वाटतं. कोनाड्यातला दिवा काढायचं दादानं कबूल केलंय. त्या जागी काय ठेवायचं हे ठरलेलं नाही. पेला कुठे गेला कुणालाच माहीत नाही.

येत्या रविवारी त्याला सुट्टी आहे. सकाळी फोन करते म्हणून सांगितलंय.